वाहत्या पाण्यात उभी नळी का थरथरते?

व्याख्यानमालेच्या चालकांनी यंदाचा विषय विचारला तेव्हा आम्ही 'समुद्रातील नळ्यांची थरथर' असे उत्तर दिले, आणि मंडळी थोडा वेळ एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. बोनस, ग्रॅच्युइटी, हंगामी कामगार, ठेकेदारी अशा विषयांवर आमच्याकडून चार शब्द ऐकावयाचे, ही इथली रीत. शिवाय कोरेगाव पडले सह्याद्रीच्या अलीकडे. इथे आले पिकते, वाघ्या घेवडा पिकतो. समुद्राचा आणि आपला संबंध सुक्या बोंबलापुरता.

तरीही विषय मुद्दाम घेतला. आपल्याकडची वेल्डर, फिटर, रिगर मुले उरणला जातात आणि तेथून पुढे मुंबई हायच्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर ठेक्याने कामाला लागतात. सुटीवर आली म्हणजे आईबाप विचारतात, "तिथे धोका कशाचा रे?" मुले वादळाचे सांगतात, आगीचे सांगतात, हेलिकॉप्टरचे सांगतात. एक धोका मात्र त्यांच्या सांगण्यात येत नाही, कारण तो शांत समुद्रात, साध्या संथ प्रवाहात, कोणाच्या नजरेस न पडता आपले काम करीत असतो. तो समजावून घेण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. साताऱ्याच्या रस्त्यावर माहुलीपर्यंत गेले तरी पुरे.

पावसाळा ओसरला, कृष्णेचे पाणी जरा निवळले, की माहुलीच्या पुलावर उभे राहून खांबाच्या मागच्या बाजूस पाहावे. पाणी खांबाला दोन्ही अंगांनी वळसा घालून पुढे जाते. पण खांबाच्या पाठीशी ते नीट मिळत नाही. तेथे भोवरे सुटतात. जरा धीर धरून पाहिले तर ध्यानात येते की, दोन्ही बाजूंचे भोवरे एकदम सुटत नाहीत. एक डावीकडून, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून, अशी पाळी लागलेली असते. ज्या बाजूने भोवरा सुटतो त्या बाजूस पाण्याचा दाब क्षणभर कमी होतो आणि खांबाला तिकडे बारीकशी ओढ लागते. म्हणजे पाणी वाहते पुढे, आणि खांबाला ओढ बसते आडवी, एकदा डावीकडे तर एकदा उजवीकडे. पुलाचा दगडी खांब अशा ओढीला काय भीक घालणार? पण त्याच पाण्यात वेळूची लांब काठी धरून पाहा. काठी हातात थरथरू लागते, आणि ती थरथर प्रवाहाच्या दिशेने कमी व आडवी अधिक असते.

वाऱ्याचेही हेच. मास्तरांची छडी हवेत फिरली की सूं असा आवाज येई तो छडीचा नव्हे, छडीमागे सुटणाऱ्या भोवऱ्यांचा. गोफण फिरते तेव्हा तिचा घुमतो तो आवाज, विजेच्या तारा गुणगुणतात तो आवाज, सगळे एकाच घराण्याचे. व्हिन्सेंझ स्ट्रोहाल नावाच्या एका चेक पंडिताने १८७८ साली या आवाजाचा हिशेब मांडला. त्याने तार एका चौकटीवर ताणून ती गरगर फिरवली आणि सूर मोजले. त्याला आढळले की, तार किती लांब, किती ताणलेली, यावर तो सूर अवलंबून नाही. वेग आणि जाडी या दोनच गोष्टी त्याला कारण. हिशेब इतका सोपा आहे की आमच्यासारख्या, शाळेची पायरी लवकर उतरलेल्या माणसालाही तो तोंडी करता येतो. वेगाला जाडीने भागावे आणि आलेल्या आकड्याचा पाचवा हिस्सा घ्यावा. सेकंदाला तितक्या वेळा ती आडवी ओढ डावी-उजवी होते. छडी आठ मिलिमीटर जाडीची आणि तिचा वेग सेकंदाला वीस मीटर, तर उत्तर पाचशे. हा चांगला कानाला ऐकू येणारा सूर आहे. विजेची तार वीस मिलिमीटर जाडीची, वारा सेकंदाला पाच मीटर, तर पन्नास. हा पाचवा हिस्सा अगदी काटेकोर नाही, वेगाप्रमाणे आणि पृष्ठभागाच्या खरखरीतपणाप्रमाणे थोडा खालीवर होतो; पण अंदाज बांधण्यास तो पुष्कळ.

या भोवऱ्यांच्या दुहेरी रांगेला पुढे थिओडोर फॉन कार्मान याचे नाव मिळाले. त्यामागची हकीकत आम्हांला फार आवडते. १९११ च्या सुमारास जर्मनीतील ग्योटिंगेन येथे प्रांट्ल या नामांकित प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत हीमेन्झ नावाचा एक विद्यार्थी पाण्याच्या पन्हाळीत गोल दांडा उभा करून दाब मोजीत होता. पाणी मागे शांत वाहावे अशी अपेक्षा. ते सारखे डोलत राही. प्राध्यापकांनी सांगितले, दांडा नीट गोल नसेल. बिचाऱ्याने दांडा घासूनपुसून अगदी गोल केला. पाणी डोलतच राहिले. मग पन्हाळ सारखी नसेल, असे झाले. त्याने पन्हाळ सारखी केली. पाणी डोलतच होते! कार्मान तेथेच काम करीत असे. रोज येताजाता तो विचारी, अजून डोलते आहे काय. आणि उत्तर रोज तेच. तेव्हा त्याच्या मनात आले की, दोष करणाऱ्याच्या हातात नसून डोलणे हाच पाण्याचा स्वभाव असला पाहिजे, आणि त्याने ते गणिताने दाखवून दिले. कारखान्यात काही बिघडले की आधी कामगाराचा हात पाहावयाचा, ही पद्धत केवळ आपल्याकडची नाही, इतके यावरून कळते.

आता पुढची पायरी. प्रत्येक उंच, सडपातळ वस्तूला स्वतःचा असा एक ठेका असतो. झोका ढकलला तर तो आपल्याच ठेक्याने येतो आणि जातो; तुम्ही घाई केली म्हणून तो घाई करीत नाही. धुराडे, खांब, नळी, तार यांचेही तसेच. भोवऱ्यांचा ठेका आणि वस्तूचा ठेका वेगवेगळा असेल तोवर फारसे काही होत नाही. दोन्ही जुळले की प्रत्येक ओढ नेमकी वेळेवर बसते आणि हलणे वाढत जाते. झोक्यावरच्या पोराला वेळेवर एका बोटाने ढकलले तरी तो उंच जातो, तसे. यातही एक विलक्षण गोष्ट आहे. एकदा वस्तू हलू लागली म्हणजे भोवरेच तिच्या ठेक्यात शिरतात. वारा किंचित वाढला, किंचित घटला, तरी ते तो ठेका सोडीत नाहीत. आधी उंचीवर ठिकठिकाणी आपापल्या मर्जीने सुटणारे भोवरे आता वरपासून खालपर्यंत एकदम सुटू लागतात; लेझमीच्या पथकात हलगी घुमली की सगळ्यांची पावले एक होतात, त्याप्रमाणे.

साखर कारखान्याची धुराडी रंगवणारे रिगर हे ज्ञान पुस्तकावाचून बाळगून असतात. त्यांच्यापैकी एकाने आम्हांला वर्षांपूर्वी सांगितले होते, "साहेब, वारा पश्चिमेचा असला की धुराडे पश्चिमेला वाकत नाही, ते दक्षिणोत्तर डुलते." तो वाऱ्याचा जोरही सांगे: फार सोसाट्याचा नव्हे, मध्यम. तीन मीटर व्यासाचे पोलादी धुराडे पाच सेकंदांत चार वेळा डुलत असेल, तर त्याचा घातवेग सेकंदाला बारा मीटर, म्हणजे ताशी त्रेचाळीस किलोमीटरच्या आसपास निघतो. सोसाट्याचा वारा आला की तेच धुराडे या बाबतीत शांत होते. वाऱ्याला भ्यायचे तर केवढ्या वाऱ्याला भ्यायचे, हे त्या रिगरला ठाऊक होते.

येथे कोणीतरी अमेरिकेतील टॅकोमाच्या झुलत्या पुलाची आठवण काढणार हे आम्ही गृहीत धरतो. तो पूल ७ नोव्हेंबर १९४० रोजी ताशी पासष्टएक किलोमीटरच्या वाऱ्यात पिळवटून पडला. पण तो पडला तो भोवऱ्यांच्या ठेक्यामुळे नव्हे. पुलाचे स्वतःचे पिळवटणेच वाऱ्यातून बळ ओढून घेत होते. तो चुलत प्रकार आहे, सख्खा नव्हे. पुस्तकांतून दोन्हींची पुष्कळदा गल्लत होते म्हणून एवढे लिहिले.

पाण्याकडे वळू. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट जड. त्यामुळे हवेत ज्याची दखलही घेतली नसती अशा कारणांना पाण्यात ताकद येते. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर हंबर नदीच्या मुखाशी इमिंगहॅम येथे १९६० नंतरच्या दशकात तेलाचा धक्का बांधीत होते. पोलादी खांब तळात ठोकून उभे केलेले, वरचा भाग अजून जोडावयाचा. आणि भरती-ओहोटीचा प्रवाह सुरू झाला की हे खांब थरथरू लागत. गंमत अशी की, ही थरथर आडवी नव्हती; प्रवाहाच्या दिशेने मागेपुढे होती, आणि प्रवाहही हिशेबाने धोक्याचा ठरेल त्याहून बराच कमी होता. उलगडा असा झाला: आडव्या ओढीची एक फेरी पुरी होण्यास डावा व उजवा असे दोन भोवरे लागतात, पण मागे खेचण्याचा झटका प्रत्येक भोवरा सुटताना बसतो. म्हणजे मागेपुढे होण्याचा ठेका दुप्पट. म्हणून निम्म्या किंवा त्याहूनही कमी वेगात तो वस्तूच्या ठेक्याला गाठतो. हवेत हा झटका इतका क्षीण असतो की कोणी त्याचा विचार केला नव्हता. पाण्याने तो करावयास लावला.

आता मुंबई हाय. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे एकशे साठ किलोमीटरवर, पाऊणशे मीटर खोल पाण्यात फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने तेल शोधले आणि मे १९७६ पासून ते निघू लागले. तेथील प्लॅटफॉर्म पोलादी पायांवर उभे आहेत. समुद्राच्या तळावरून तेल आणि वायू वर आणणाऱ्या उभ्या नळीला रायझर म्हणतात. तिच्या पोटात दाबाखाली ज्वालाग्राही माल असतो. ही नळी तुटली तर काय होते ते २७ जुलै २००५ रोजी दिसले. 'समुद्र सुरक्षा' हे जहाज एका जखमी माणसाला प्लॅटफॉर्मवर पोचवताना मुंबई हाय नॉर्थच्या रायझरवर आदळले. नळी फुटली, वायू पेटला, आणि अवघ्या दोन तासांत सारा प्लॅटफॉर्म जळून समुद्रात गेला. बावीस माणसे गेली. आदल्याच दिवशी मुंबईत महापूर आला होता. हेलिकॉप्टरेही वेळेवर उठू शकली नाहीत. ही दुर्घटना धडकेची, थरथरीची नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पण रायझर म्हणजे काय जोखमीची वस्तू आहे हे त्याहून चांगले कोणी समजावू शकत नाही.

त्या रायझरला थरथर काय करते? भोवऱ्यांच्या थरथरीत नळी फार तर आपल्या जाडीइतकी इकडेतिकडे हलते, त्याहून फारशी नाही. एका हलण्याने ती तुटत नाही. शंभराने नाही, हजारानेही नाही. मारते ती मोजदाद. नळीची जाडी अर्धा मीटर, प्रवाह सेकंदाला एक मीटर, म्हणजे माणूस सावकाश चालतो तितका. आपला तोच हिशेब लावा. सेकंदाला ०.४ फेऱ्या, दिवसाला ३४,५६० फेऱ्या, वर्षभर असेच चालले तर सव्वा कोटीच्या वर. तारेचा तुकडा पुन्हा पुन्हा वाकवून आपण तोडतो, तोच प्रकार. फक्त वाकणे इतके बारीक की डोळ्यांना दिसू नये. धातूला थकवा येतो. चीर बहुधा वेल्डच्या कडेला सुरू होते, कारण ताण तेथे एकवटतो आणि बारीक खोटही तेथेच राहिलेली असते.

बारीक वेल्डला बारीक समजण्यात किती जीव जातात याचा दाखला नॉर्वेचा. २७ मार्च १९८० च्या संध्याकाळी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर कीलँड' हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. त्यावर २१२ माणसे होती, १२३ मेली. एका आडव्या दांड्यावर आवाज टिपणारे यंत्र बसवण्यासाठी लहानशी बैठक वेल्ड केलेली होती. त्या किरकोळ वेल्डमध्ये चीर पडली, लाटांच्या रोजच्या धक्क्यांनी ती दांड्यात पसरत गेली, दांडा तुटला, मग बाकीचे दांडे, मग प्लॅटफॉर्मचा एक पायच सुटला. तेथे कारण लाटांचे होते. पण धातू हिशेब ठेवतो तो फेऱ्यांचा, त्या लाटेने दिल्या की भोवऱ्याने, याची तो चौकशी करीत नाही.

आणि निव्वळ वाहत्या द्रवाच्या थरथरीने तुटल्याचे उदाहरण हवे असेल तर जपानातील मोन्जू अणुभट्टीचे. वितळलेल्या सोडियमच्या नळीत उष्णता मोजण्यासाठी बोटासारखी एक बारीक नळी आत खुपसलेली होती. बॉयलरवर काम केलेले लोक तिला थर्मोवेल म्हणून ओळखतात. वाहत्या सोडियमने ती प्रवाहाच्या दिशेने थरथरत ठेवली, आणि ८ डिसेंबर १९९५ रोजी ती जाडी बदलते त्या कोपऱ्यात तुटली. शेकडो किलो सोडियम बाहेर येऊन पेटले. सुदैवाने माणूस दगावला नाही. पण चालकांनी अपघाताच्या चित्रफितीतला भाग दडवला, ते उघडकीस आले, आणि लोकांचा जो विश्वास उडाला तो परत आला नाही. ती भट्टी कायमची बंद करण्याचा निर्णय २०१६ साली झाला. बोटभर नळीची ही करणी!

उपाय आहेत, आणि ते आश्चर्य वाटावे इतके साधे आहेत. पहिला उपाय सांगताना आम्हांला थोडे अवघडल्यासारखे होते. जन्मभर आम्ही एकजुटीचा प्रचार केला. आणि येथे सारी मदार फुटीवर आहे. भोवरे एकजुटीने सुटतात म्हणून त्यांचा जोर. तेव्हा त्यांच्यात फूट पाडावयाची. ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत स्क्रूटन आणि वॉल्श या दोघांनी १९५७ साली ही युक्ती काढली. मांडवाच्या खांबाला कागदाची पट्टी तिरकी गुंडाळतात, तशा तीन पोलादी कडा धुराड्याच्या वरच्या भागावर पिळदार बसवावयाच्या. त्यांना स्ट्रेक म्हणतात. कडेची उंची व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, आणि एक पूर्ण वेढा व्यासाच्या पाचपट उंचीत. मग प्रत्येक उंचीवर वारा निराळ्या जागी सुटतो, भोवऱ्यांचा मेळ बसत नाही, आणि धुराडे शांत राहते. पवनचक्कीचा नळीसारखा खांब वरचे यंत्र बसण्यापूर्वी नुसता उभा असतो, तेव्हा याच कारणासाठी त्याला कधी कधी दोर पिळदार गुंडाळतात. समुद्रातील नळ्यांवर कडा अधिक उंच लागतात, व्यासाच्या पाव हिश्श्यापर्यंत, आणि वेढा लांब, पंधरा व्यासांच्या आसपास. त्या आता प्लॅस्टिकच्या करवंटीसारख्या दोन अर्ध्या भागांत येतात आणि नळीवर पट्ट्यांनी आवळतात.

या उपायाची किंमत आहेच. कडांमुळे नळीला प्रवाहाची सरळ ओढ जास्त बसते. म्हणजे थरथर घालवून ताण विकत घेतला. म्हणून काही ठिकाणी माशाच्या शेपटीसारखी निमुळती आवरणे, फेअरिंग, बसवतात. ती प्रवाहाकडे तोंड करून आपोआप फिरतात आणि थरथर व ओढ दोन्ही कमी करतात. पण फिरायची अडली की उपयोग गेला. दुसरा उपाय म्हणजे हलण्यातील जोर खाऊन टाकणे. हाय टेन्शनच्या तारेला टॉवरजवळ लहान डंबेलसारखे काहीतरी लटकलेले आपण रोज पाहतो. पुष्कळांना ते वजन वाटते. तो डँपर आहे, १९२५ च्या सुमारास अमेरिकेत स्टॉकब्रिज याने काढलेला. तारेची थरथर त्या डंबेलच्या पीळदार दोरीत घासून जिरते. तिसरा उपाय ठेकाच बदलण्याचा.

एवढे सगळे ज्ञात असता धोका उरतो कोठे? तो देखभालीत उरतो. समुद्रात प्रत्येक वस्तूवर शेवाळ आणि शिंपले चढतात. स्ट्रेकच्या कडांमधली जागा त्यांनी भरून निघाली की कडा नावाला राहते. शिवाय नळी जाड होते, तिचा ठेका बदलतो, मूळ हिशेब चुकतो. ते खरवडावयास पाणबुड्या किंवा यंत्र पाठवावे लागते, आणि त्याला पैसा पडतो. आमच्या परिचयाच्या एका कारखान्यात (नाव सांगण्याचे कारण नाही) धुराड्यावरच्या कडा गंजून एक तुकडा गळून पडला. रिगरांनी अर्ज दिला. कार्यालयातून उत्तर आले की, ती शोभेची पट्टी आहे, हंगाम संपल्यावर पाहू. दोन हंगाम संपले. शेवटी वर चढणाऱ्यांनी लेखी कळवले की पट्टी बसेपर्यंत आम्ही चढणार नाही, आणि मग पंधरा दिवसांत ती बसली. शोभेची पट्टी! समुद्रातील ठेक्याच्या मुलाला असा नकार देणे किती कठीण, हे आम्ही जाणतो. ज्याचे नाव दर कराराला नव्याने लिहिले जाते तो थरथर जाणवली तरी बोलताना दहा वेळा विचार करतो. २००५ नंतर, २००८ साली, समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षिततेचे केंद्र सरकारचे नियम झाले आणि त्यांच्या अंमलासाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालय नेमले गेले, ही चांगली गोष्ट झाली. पण पायाखालच्या जाळीतून येणारा कंप प्रथम कळतो तो पाळीवरच्या माणसाला, संचालनालयाला नव्हे. वेल्डरच्या घरी त्याला नियम माहीत आहेत का, एवढे विचारले तरी आजचे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.

तिसऱ्या उपायाचे राहिले, तेही सांगून टाकू, कारण त्यात आपल्या मुलांचे काम पुष्कळ येते. तळावर आडव्या टाकलेल्या पाइपलाइनखालची वाळू प्रवाहाने वाहून जाते आणि पाइप दोन उंचवट्यांमध्ये पुलासारखा अधांतरी राहतो. अशा झोळाची लांबी वाढली की त्याचा ठेका मंद होतो आणि संथ प्रवाहही त्याला गाठतो. उलट झोळाच्या मध्यावर आधार देऊन लांबी निम्मी केली, तर ठेका दुप्पट नव्हे, जवळजवळ चौपट जलद होतो, आणि तो प्रवाहाच्या आवाक्याबाहेर जातो. आधार म्हणजे सिमेंट-वाळूने भरलेली पोती. पाणबुडे ती खाली नेऊन पाइपखाली एकावर एक रचतात. आपल्याकडे बंधाऱ्याला पोती लावतात त्यापेक्षा कामाची तऱ्हा फार वेगळी नाही. मात्र पावसाळ्यात समुद्र खवळला की वाळू पुन्हा सरकते, गेल्या वर्षी नव्हता तेथे नवा झोळ पडतो. म्हणून पावसाळा उलटला की पाइपलाइनीवरून कॅमेरा फिरवून झोळ पुन्हा मोजावे लागतात.